बाळाचे बोलणे न्हाणीत सुरू होते

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

शाळाप्रवेशाचे दिवस जवळ आले की तासगाव-सांगली रस्त्याच्या कडेला दोन-अडीच वर्षांच्या मुलांसाठीच्या वर्गांचे फलक झळकू लागतात. यंदा त्यांतल्या एका फलकावर 'तुमचे मूल सहा महिन्यांत फाडफाड बोलू लागेल' असे आश्वासन वाचले. बोलेल म्हणजे अर्थातच इंग्रजी. एकात्मिक बालविकास सेवा योजनेत आधी अंगणवाडी सेविका आणि पुढे पर्यवेक्षिका म्हणून मी ३१ वर्षे नोकरी केली आणि आता निवृत्तीनंतर अकरा महिन्यांच्या नातवाला सांभाळते. त्यामुळे असा फलक लावणाऱ्यापेक्षा तो वाचून, पदरमोड करून फी भरणारे आईबाप मला अधिक जवळून माहीत आहेत. आपल्या घरात, आपल्या बोलीत, रोजच्या कामाच्या रगाड्यात मूल बोलायला शिकते यावरचा त्यांचा विश्वासच कोणीतरी काढून घेतला आहे. तो त्यांना परत मिळावा, एवढ्यासाठी हे पत्र आहे. जागा थोडी जास्त लागेल, त्याबद्दल क्षमस्व.

अंघोळीपासून सुरुवात करते, कारण घरात कितीही घाई असली तरी बाळाची अंघोळ चुकत नाही. नातू चार महिन्यांचा असताना मी त्याला पायांवर उताणा घेऊन न्हाऊ घालत असे. मसुरीचे पीठ आणि साय चोळून झाली की 'आलं, आलं, पाणी आलं' असे म्हणत पहिले तीन तांबे ओतायचे, आणि चौथा तांब्या भरून त्याच्या पोटावर नुसता धरायचा. ओतायचा नाही आणि बोलायचेही नाही. पहिले काही दिवस त्याला त्याचे काहीच वाटले नाही. पंधरा-वीस दिवसांनी मात्र तांब्या थांबला की त्याचे पाय सायकल मारल्यासारखे हलू लागले. मग 'अजून हवं? हे घे, आलं पाणी!' असे म्हणत मी तो तांब्या रिता करी. आठव्या महिन्यात पाटावर बसू लागल्यावर तो आधी तांब्याकडे आणि लगेच माझ्या तोंडाकडे पाहू लागला, आणि आता दोन्ही हात वर करून 'अऊ' असे म्हणतो. हा 'अऊ' म्हणजे 'अजून', हे घरात फक्त मला आणि सुनेला कळते. तूर्त तेवढे पुरेसे आहे. पायांच्या त्या झटक्यांपासून 'अऊ'पर्यंत यायला त्याला सहा-सात महिने लागले आणि तेवढ्या काळात 'अजून म्हण' असे मी त्याला एकदाही सांगितले नाही.

यात माझी हुशारी काही नाही. अंघोळ रोज त्याच क्रमाने होते, म्हणून पुढे काय होणार हे बाळाला ठाऊक असते; आणि जे व्हायला हवे ते झाले नाही की त्याला काहीतरी कळवावेसे वाटते, मग ते पायाने असो, डोळ्याने असो की आवाजाने. भरवताना, कपडे घालताना, झोळीला झोका देताना, देवापाशी दिवा लावताना हीच संधी मिळते. मोठ्या माणसाने त्या रिकाम्या क्षणात लगेच स्वतःचे शब्द भरले, तर बाळाला बोलायला जागाच उरत नाही. आपल्या घरांतून बाळांशी बोलणे कमी होते असे मला कधी दिसले नाही. प्रश्न आपण विचारतो, उत्तरही आपणच देतो आणि पुढच्या कामाला लागतो, खोट आहे ती इथे. सेविकांच्या मासिक बैठकीत मी त्यांना, बाळाला काही विचारल्यावर मनात दहापर्यंत आकडे मोजा, असे सांगत असे. सहाच्या पुढे फारसे कोणी जात नसे. मीही सुरुवातीला जात नसे.

न्हाणीत आणखी एक गोष्ट फुकट मिळते, ती म्हणजे क्रियापदे. पाणी ओततात, शिंपडतात, ते सांडते, निथळते, ठिबकते. अंग चोळतात, घासतात, पुसतात आणि जावळ हलक्या हाताने टिपून घेतात. गोष्ट अंगावर घडत असतानाच तिचा शब्द कानावर पडतो, म्हणून तो रुजतो. भिंतीवरच्या रंगीत तक्त्यात फळे, भाज्या आणि प्राणी दाखवता येतात, निथळणे कसे दाखवणार? आता हीच आई कोणीतरी सांगितले म्हणून बाळाशी इंग्रजीत बोलू लागली की काय होते, तेही मी घरोघरी पाहिले आहे. तिच्याजवळ 'कम', 'सीट', 'ईट', 'वॉटर', 'नो' आणि फार तर 'बॅड बॉय' एवढाच साठा असतो. लाड, चेष्टा, समजूत, रागावणे, सगळे तिला या पाच-सहा हुकमांत कोंबावे लागते, आणि भरल्या घरात मुलाचे कान उपाशी राहतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने शक्य तिथे किमान पाचवीपर्यंतचे शिक्षण घरच्या भाषेतून किंवा मातृभाषेतून व्हावे असे म्हटले आहे. पण धोरण दिल्लीत राहते आणि फलक आमच्या कोपऱ्यावर.

याचा अर्थ मुलाच्या कानावर एकच भाषा पडावी असा कोणी घेऊ नये. जत तालुक्यातील कितीतरी घरांत कन्नड बोलली जाते आणि अंगणवाडीत मराठी. विटा-आटपाडी भागातील गलाईचा, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याचा, व्यवसाय करणारी कुटुंबे तर देशभर पांगलेली आहेत. त्यांची मुले घरात मराठी आणि गल्लीत त्या त्या मुलखाची भाषा ऐकत वाढतात. दोन भाषांमुळे मूल उशिरा बोलते ही समजूत चुकीची आहे. अशा मुलाला एका भाषेतले शब्द थोडे कमी येत असतील, पण दोन्हींतले मिळून मोजले तर ते सहसा मागे नसते. तरीही जतकडच्या एका आजीला, नातीच्या प्रवेशाच्या वेळी, 'घरात कन्नड बंद करा' असे सांगण्यात आले होते. शाळेचे नाव घेत नाही. आजी आज्ञाधारक, आणि तिला मराठी बेताचेच येत होते. तिने कन्नड बंद केली, म्हणजे प्रत्यक्षात नातीशी बोलणेच बंद केले. पुढे ती मला म्हणाली, 'बाई, आता मी नुसतं तिचं तोंड धुते.' त्या वाक्याने मला जे शिकवले ते कोणत्याही परिपत्रकाने शिकवले नव्हते.

शब्दांच्या आधी बोट येते. मोठ्यांकडे बोट दाखवू नये अशी आपल्याकडे शिकवण आहे, पण वर्षाच्या आसपास बाळ बोट दाखवू लागते तेव्हा ते त्याचे पहिले वाक्यच असते. त्यातही दोन तऱ्हा आहेत. एक 'ते दे' आणि दुसरी 'ते बघ'. दुसरी मला अधिक मोलाची वाटते, कारण त्यात बाळाला काहीही नको असते, आपण पाहिले ते दुसऱ्यानेही पाहावे एवढीच इच्छा असते. परवा नातवाने छताकडे बोट केले. वर पाल होती. 'पाल! पाल चालली. गेली फळीमागे,' एवढे मी म्हणाले. मला पालीची भयंकर भीती वाटते हा भाग वेगळा. आपल्याला जे शिकवायचे आहे त्याकडे मुलाची मान वळवण्यापेक्षा त्याची नजर जिथे आहे तिथल्याच वस्तूचे नाव घेतले, तर तो शब्द त्याला लवकर लागतो.

मूल एक शब्द बोलले की त्याला आपण एक-दोन शब्द जोडून परत द्यावेत. ते 'पापा' म्हणाले तर 'हो, पाणी. पाणी सांडलं' एवढे पुरते. 'भू भू' म्हणाले तर 'भू भू आला! कुत्रा आला' असे म्हणावे. बाळाशी लाडिक, हेल काढून बोलण्यात गैर काही नाही, उलट त्या सुरामुळेच ते कान देऊन ऐकते. पाहुणे आले की मात्र आपल्याला परीक्षेची हुक्की येते. 'आत्याला म्हणून दाखव', 'गाय कशी करते सांग', 'अगं, काल तर म्हणाला होता'. ज्याचे उत्तर विचारणाऱ्याला आधीच माहीत आहे, अशा प्रश्नांनी कोणाला बोलावेसे वाटेल? बोबड्या उच्चाराची नक्कल करून हसणे तर त्याहून वाईट, मग ते कितीही कौतुकाने असो. र आणि ळ हे उच्चार पुष्कळ मुलांना चार-पाच वर्षांपर्यंत नीट जमत नाहीत, त्याची घाई करण्याचे कारण नसते.

हे सगळे रिकामा वेळ असलेल्या आजीचे चोचले आहेत, असे कोणी म्हणेल. म्हणून एक प्रसंग सांगते. नोकरीत असताना आमच्या भागातील एका बेदाण्याच्या शेडवर गेले होते. तिथे निवडायला बसलेल्या बायकांत एकीचा दीड वर्षाचा मुलगा तिच्या मांडीला टेकून बसला होता. ती काळे दाणे आणि काड्या वेगळ्या काढत होती. काडी हाती लागली की म्हणे, 'ही बघ काडी…' आणि क्षणभर थांबून, 'टाकली!' दर चार-पाच काड्यांनंतर त्या थांबण्यात मुलगा घुसे आणि हात झटकून 'ताई!' असे ओरडे. ती त्याच्याकडे बघून हसे आणि म्हणे, 'टाकली. आता दुसरी.' मजुरी उक्ती होती, त्यामुळे तिचा हात एकदाही थांबला नाही. थांबत होता तो फक्त आवाज. ३१ वर्षांत घेतलेल्या एकाही प्रशिक्षणात मी याहून चांगला पाठ पाहिला नाही, आणि तो शिकवणारीला आपण काही शिकवतो आहोत याचा पत्ताही नव्हता.

मात्र एक कबूल केले पाहिजे. ऊसतोडणीच्या हंगामात मराठवाड्यातून आलेल्या कुटुंबांच्या कोप्यांवर, म्हणजे त्यांच्या तात्पुरत्या झोपड्यांवर, गेले की माझी जीभ अडखळत असे. पहाटेच्या अंधारात फड गाठणारी आई, आणि सात वर्षांच्या बहिणीच्या कडेवर दिलेले तान्हे मूल. तिथे 'बाळाशी बोला' हे सांगायचे कोणत्या तोंडाने? तिथे सल्ल्याच्या आधी पाळणाघर लागते, आणि ते उभे करणे आईचे काम नव्हे.

बापांबद्दलही चार शब्द. आमच्या जिल्ह्यात संध्याकाळी गावोगावच्या दूध संकलन केंद्रावर किटल्या घेऊन पुरुषांची रांग लागते, आणि कित्येकांच्या कडेवर पोरही असते. किटली उघडणे, दूध ओतणे, फॅटच्या यंत्रावर लाल आकडे लुकलुकणे, झाकण लावणे, पावती घेणे, हे सारे रोज त्याच क्रमाने घडते, म्हणजे अंघोळीइतकीच ही उत्तम जागा आहे. आमच्या शेजारचे एक गृहस्थ झाकण मुलीच्या हातात देऊन नुसते तिच्याकडे पाहत राहतात. ती झाकण किटलीवर आपटून 'ठप' म्हणते, मगच ते पुढे सरकतात. मागच्या रांगेची थोडी कुरकुर होते. होऊ दे.

मोबाइलचा विषय टाळता येणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार एक वर्षाखालील बाळाला पडदा मुळीच दाखवू नये, दीड-पावणेदोन वर्षांच्या मुलालाही तो देणे योग्य नाही, आणि दोन वर्षांनंतर दिवसाला फार तर एक तास, तोही कमीच बरा. कारण साधे आहे. पडद्यातून शब्द पुष्कळ येतात, पण बाळाने 'अऊ' म्हटले तर पडदा थांबत नाही आणि तांब्याही ओतत नाही. भरवताना मोबाइल समोर धरला की तोंड उघडते, घास जातो, पण बाळ भरवणाऱ्याच्या तोंडाकडे बघत नाही, आणि चिऊचा घास, काऊचा घास असे म्हणत खिडकीकडे पाहणे तर संपलेच. तरी मी सुनेच्या पिढीला दोष देत नाही. एकटीने घर, नोकरी आणि मूल ओढणाऱ्या बाईला तो पडदा म्हणजे पोळ्या लाटण्यापुरती मिळालेली उसंत असते. ती उसंत घरातल्या दुसऱ्या माणसाने दिली, तर मोबाइल आपोआप बाजूला पडेल.

आता माझी स्वतःची चूक सांगते. एका गावी अंगणवाडीत तीन वर्षांची एक मुलगी नव्याने आली होती. ती बोलत नसे, पण हसरी होती आणि सांगितलेले सगळे करी. मी तिच्या मागे उभी राहून टाळी वाजवली, ती वळली, आणि भेटवहीत 'शांत व समजूतदार' असा शेरा लिहून मी पुढच्या गावाला गेले. ती टाळीने वळली नव्हती. शेजारच्या मुली वळल्या म्हणून वळली होती. घरचे म्हणत होते की तिचे वडीलही उशिराच बोलले. सव्वा वर्षाने आरोग्य तपासणीच्या पथकाने तिला जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले, तेव्हा दोन्ही कानांनी फारच कमी ऐकू येत असल्याचे निघाले. ते सव्वा वर्ष माझ्या शेऱ्याने खाल्ले.

म्हणून, घरी कितीही बोला आणि कितीही थांबा, पण काही खुणांकडे दुर्लक्ष करू नका. वर्षाचे होऊनही बाळ हाक मारल्यावर वळत नसेल, 'बबब', 'ममम' असे आवाज काढत नसेल, बोटाने किंवा हाताने काही दाखवत नसेल. सोळा महिन्यांपर्यंत एकही अर्थाचा शब्द आला नसेल. दोन वर्षे पूर्ण होऊनही 'पाणी दे', 'आई ये' असे दोन शब्द आपणहून जोडत नसेल. किंवा येत असलेले शब्द कोणत्याही वयात मागे पडले असतील, तर 'मुलगे उशिराच बोलतात' म्हणून वाट पाहू नये. आधी कान तपासून घ्यावेत, आणि ते यंत्राने. टाळी आणि थाळी यांवर विसंबू नये, हे मी अनुभवाने सांगते. नवजात बाळाच्या कानांची तपासणी ते झोपलेले असतानाही काही मिनिटांत होते आणि त्याला काही दुखत नाही. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचार सुरू, असा यातील जाणकारांचा दंडक आहे. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतात आणि गरज वाटल्यास मुलाला जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे, म्हणजे मुलांच्या वाढीतील अडचणींवर लवकर उपचार सुरू करणाऱ्या केंद्राकडे, पाठवतात. त्या दिवशी मूल मामाच्या गावाला नसेल एवढे तरी घरच्यांनी पाहावे.

शेवटी अंगणवाडीबद्दल, कारण तो माझा आयुष्यभराचा जिव्हाळा आहे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले, अनुताई वाघ त्यांना तिथे येऊन मिळाल्या, आणि मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची या विचारातून आपल्याला अंगणवाडी मिळाली. १९७५ साली शासनाची योजना आली तेव्हा नाव हेच राहिले, पण अंगणातल्या बोलण्याची जागा हळूहळू वजनकाट्याने आणि नोंदवह्यांनी घेतली. कुपोषणाचा प्रश्न पाहता वजन महत्त्वाचे आहेच. पण तीन वर्षांखालील मुले अंगणवाडीत शिकायला बसत नाहीत. त्यांच्या आया घरी न्यायचा आहार घेण्यासाठी, वजन आणि लसीकरणासाठी येतात आणि पाच मिनिटांत परत जातात. बोलणे घडते ती वर्षे नेमकी हीच. केंद्र शासनाने २०२४ मध्ये याच वयोगटासाठी 'नवचेतना' हा आराखडा काढला आहे आणि त्यात ३६ महिन्यांचे, महिनावार कृतींचे वेळापत्रकही आहे. ते सेविकेच्या कपाटात राहू नये, एवढेच माझे म्हणणे. वजन करताना सेविकेने आईला 'बाळ काय मागतं आणि कसं मागतं?' असे विचारून उत्तर एका ओळीत लिहून ठेवावे. त्यासाठी नवे ॲप नको, नवी वही तर नकोच. सेविकांच्या खांद्यावर आधीच पुष्कळ आहे. ती एक ओळ दर महिन्याला बदलते की नाही, एवढे पर्यवेक्षिकेने पाहिले तरी माझ्यासारखा शेरा पुन्हा कोणी लिहिणार नाही.

माता-बाल संरक्षण कार्डावर वाढीच्या आलेखाबरोबरच विकासाचे टप्पेही चित्रांसह छापलेले असतात. हे कार्ड बहुतेक घरांत लसीच्या तारखेपुरते बाहेर निघते आणि पुन्हा प्लॅस्टिकच्या पिशवीत जाते. आपल्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी तान्हे मूल आहे त्यांनी ते पान आज उघडून पाहावे, ही विनंती. माझ्या नातवाचे कार्ड मी काल काढले. बोट दाखवण्यापाशी पेन्सिलीने खूण केली. शब्दाची जागा अजून कोरी ठेवली आहे. 'अऊ' हा शब्द धरायचा की नाही, यावर सुनेचे आणि माझे एकमत झालेले नाही.

आपली,
एक निवृत्त अंगणवाडी पर्यवेक्षिका
तासगाव, जि. सांगली